मॉडेल टी पुन्हा पुन्हा उकळते आणि रेडिएटर पुन्हा पुन्हा गळतो: तपासणी कोठून सुरू करावी

फोर्ड मॉडेल टी बाळगणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. गाडी चढावर उकळते, म्हणून रेडिएटर उतरवून साफ केला जातो आणि गळतीच्या जागी डाख दिला जातो. काही दिवस सारे सुरळीत चालते. मग त्याच सांध्यातून, बहुधा वरच्या टाकीच्या कोपऱ्यातून किंवा बुडाच्या बैठकीजवळून, पुन्हा पाणी झिरपू लागते, पातळी खाली जाते आणि गाडी पुन्हा उकळते. रेडिएटर नवा आणला तरी हे चक्र थांबतेच असे नाही. याचे कारण असे की अशा गाडीत बहुतेक वेळा दोन दुखणी एकमेकांत अडकलेली असतात. एक इंजिनाच्या उष्णतेचे आणि दुसरे पुढच्या कमानी पाट्याचे, म्हणजे पोलादी पानांच्या स्प्रिंगचे. आणि दुरुस्ती मात्र दर वेळी पहिल्याचीच, तीही अर्धवट, होते.

ही गाडी १ ऑक्टोबर १९०८ रोजी बाजारात आली आणि तिचे उत्पादन मे १९२७ मध्ये थांबले; दरम्यान दीड कोटींहून अधिक गाड्या बनल्या. हिंदुस्थानात त्या मुख्यतः फोर्डच्या कॅनडातील कारखान्यातून आल्या. एवढ्या काळात लहानसहान फरक पुष्कळ झाले, पण येथे सांगितलेल्या तपासण्यांचा गाभा सगळ्या वर्षांच्या गाड्यांना लागू पडतो.

पाणी फिरते कसे, हे आधी

मॉडेल टीला पाण्याचा पंप नाही. अगदी पहिल्या सुमारे अडीच हजार गाड्यांना तो होता; नंतर कंपनीने तो काढून टाकला. गरम पाणी हलके होऊन हेडच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) तोंडातून वर चढते, रेडिएटरच्या वरच्या टाकीत येते, कोअरमधून (रेडिएटरच्या मधल्या नळ्यांच्या जाळीतून) उतरताना थंड व जड होते आणि खालच्या होजमधून (रबरी नळीतून) ब्लॉकच्या, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य भागाच्या, कुशीत परत शिरते. या फिरण्याला लागणारा जोर किती अल्प असतो हे आकड्यांत पाहिले तर डोळे उघडतात. ६० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्याचे वजन सुमारे ९८३ ग्रॅम भरते आणि ९० अंशांच्या पाण्याचे सुमारे ९६५ ग्रॅम. लिटरमागच्या या १८ ग्रॅमांच्या फरकावर सारा कारभार चालतो. पंप असलेल्या गाडीत जो अडथळा जाणवणारही नाही, तो येथे पाणी जवळजवळ थांबवू शकतो.

यातूनच पातळीचा नियम निघतो. पाणी कोअरच्या नळ्यांच्या वर आणि वरच्या होजच्या तोंडाशी असलेच पाहिजे. ते तोंड उघडे पडले की फेरा तुटतो आणि गाडी थोड्याच वेळात उकळते. मात्र याचा अर्थ झाकणापर्यंत काठोकाठ भरावे असा नाही. काठोकाठ भरलेल्या गाडीतले पाणी गरम होऊन फुगते आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर पडते. ते पाहून मालक घाबरतो, गाडी थांबवून पुन्हा भरतो आणि पुन्हा तेच होते. पहिल्या फेरीनंतर पाणी जेथे स्थिरावते ती त्या गाडीची पातळी समजावी, झाकण उघडून ती डोळ्यांनी लक्षात ठेवावी आणि तेवढीच राखावी. संपूर्ण यंत्रणेत सुमारे ११ लिटर पाणी मावते, त्यामुळे पेलाभर कमी झाल्याने काही बिघडत नाही. दाबाचे झाकण लावण्याचा सल्ला कोणी दिला तर तो साफ नाकारावा. हा रेडिएटर दाबासाठी बनवलेलाच नाही, आणि जुने सांधे त्या दाबाने पहिल्याच चढावर उघडतील.

उकळणे केव्हा होते

हत्यारे काढण्यापूर्वी गाडी कोणत्या प्रसंगी उकळते हे नीट लिहून काढावे. केवळ घाटात, खालच्या गिअरमध्ये, पाठीमागून वारा असताना वाफ येत असेल तर तो बिघाड असेलच असे नाही. उंचीवर पाणी लवकर उकळते. दर ३०० मीटरला सुमारे एक अंश या हिशेबाने लोणावळ्याला ते ९८ अंशांच्या आसपास आणि महाबळेश्वरला साधारण साडेपंचाण्णव अंशांना उकळते. त्यात खालच्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरते, गाडी मात्र रांगते, आणि सारी भिस्त पंख्यावर येते. सपाट रस्त्यावर सकाळच्या गारव्यात दहा-पंधरा मिनिटांत गाडी उकळत असेल, तर ते खरे दुखणे.

झाकणावर बॉइस मोटोमीटर हा तापमापक असेल तर त्याचे वाचनही समजून घ्यावे. तो पाण्याचे नव्हे, तर टाकीतल्या पाण्यावरच्या हवेचे आणि वाफेचे तापमान दाखवतो. म्हणून पातळी बरीच खाली गेली की लाल रेषा काही काळ फसवी शांतता दाखवू शकते.

रेडिएटरला हात लावण्यापूर्वी स्पार्क पाहावा

माझ्या मते या गाड्यांच्या उकळण्यात रेडिएटरइतकाच, किंबहुना काकणभर जास्त, दोष उशिरा पडणाऱ्या स्पार्कचा असतो. स्टिअरिंगच्या चाकाखाली दोन दांड्या असतात, एक स्पार्कची आणि एक थ्रॉटलची. सुरू करताना स्पार्क मागे ठेवावा लागतो, अन्यथा हँडल उलटे फिरून हात मोडतो. पण गाडी सुरू झाल्यावर तो पुढे आणावा लागतो. तो मागेच राहिला तर इंधन उशिरा जळते, एक्झॉस्ट वाल्व उघडतानाही ज्वाला पेटलेली असते आणि ती उष्णता वाल्वच्या वाटांतून थेट पाण्याच्या जॅकेटमध्ये शिरते. अंधारात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लालसर दिसू लागला तर आणखी पुराव्याची गरज उरत नाही.

दांडी पूर्ण पुढे आणली म्हणून स्पार्क पुढे आला असे गृहीत धरू नये. दांडीपासून टायमरपर्यंतच्या (कोणत्या सिलिंडरला स्पार्क केव्हा मिळेल हे ठरवणाऱ्या भागापर्यंतच्या) सळईचे सांधे शंभर वर्षांत झिजलेले असतात. दांडी फिरते, पण तिच्या फिरण्याचा बराच भाग सांध्यांच्या ढिलाईतच संपतो. तपासणी सोपी आहे. सर्व प्लग काढावेत, पहिल्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेऱ्यात वरच्या टोकाला आणावा, दांडी पूर्ण मागे ठेवावी आणि बॅटरीवर स्विच देऊन हँडल अगदी सावकाश फिरवावे. पिस्टन वरच्या टोकावरून सुमारे १५ अंश पुढे गेल्यावर पहिली कॉइल गुणगुणू लागली पाहिजे. त्याहून बरीच उशिरा गुणगुणली, तर सळई वाकवून किंवा झिजलेले सांधे बदलून ती जागेवर आणावी. टायमरचे आतले कडे खड्डे पडून खडबडीत झाले असेल तर आधी ते बदलावे, कारण तसल्या टायमरवर घेतलेले कोणतेही माप टिकत नाही.

कार्ब्युरेटरची सुई जास्त आवळून मिश्रण पातळ केले असेल तरीही इंजिन तापते. इंजिन गरम असताना सुई पाव फेरा सोडून पाहावी. शेवटी गाडी सपाट जागी न्यूट्रलमध्ये ठेवून एकट्याने ढकलून पाहावी. ती हातभर हलायलाही तयार नसेल, तर मागचे ब्रेक किंवा गिअरपेटीतले पट्टे घासत आहेत आणि इंजिन उगाच ओझे वाहत आहे.

आता रेडिएटर आणि त्याचे पाणी

गाडी वीसेक मिनिटे चालवून आणल्यावर वरच्या आणि खालच्या टाकीचे तापमान मोजावे. इन्फ्रारेड थर्मामीटर वापरत असाल तर एक खबरदारी घ्यावी. चकचकीत पितळेवर हे यंत्र साफ खोटे, बहुतेक वेळा खूपच कमी, तापमान दाखवते. टाक्यांवर आधी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावावा आणि यंत्र त्यावर रोखावे.

वरची टाकी उकळत्या पाण्याएवढी गरम आणि खालची बरीच गार असेल, तर कोअर उष्णता सोडते आहे, पण पाणी पुरेसे फिरत नाही. अडथळा नळ्यांत, होजमध्ये किंवा ब्लॉकमध्ये शोधावा. दोन्ही टाक्या जवळजवळ सारख्याच तापलेल्या असतील, तर पाणी फिरते आहे, पण उष्णता बाहेर जात नाही. हा दुसरा प्रकार नेहमी सुटून जातो. जुन्या गोल नळ्यांच्या रेडिएटरमध्ये पातळ फिन, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या, नळ्यांना डाखाने जोडलेल्या असतात. कंपनाने आणि गंजाने तो जोड सुटला की फिन नळीला नुसत्या टेकून राहतात, आणि टेकलेल्या फिनमधून उष्णता फारशी जात नाही. अशा रेडिएटरमधून पाणी धो धो वाहते, गॅरेजवाला "एकदम मोकळा आहे" म्हणून तो परत देतो, आणि गाडी उकळतच राहते. फिन नखाने हळूच वर-खाली सरकवून पाहावी. ती नळीवर सैल सरकत असेल, तर कितीही धुतले तरी उपयोग नाही. कोअर बदलणे हाच उपाय आहे.

नळ्या तुंबल्या असतील तर तळहात कोअरसमोरून फिरवताना गार पट्टे जाणवतात. महाराष्ट्राच्या पठारी भागात बोअरचे जड पाणी भरण्याची सवय याला बरीच कारणीभूत आहे. पावसाचे किंवा आरओचे पाणी आणि सोबत गंजरोधक हा स्वस्त विमा आहे. क्षार काढण्यासाठी सौम्य व्हिनेगर किंवा लिंबूसताचे पाणी भरून, इंजिन मंद गरम करून, नंतर भरपूर पाण्याने धुवावे. धुण्याचा सोडा वापरण्याची जुनी पद्धत केवळ मूळच्या बिडाच्या हेडलाच चालते. हौसेने जास्त कॉम्प्रेशनचे अॅल्युमिनियमचे हेड बसवलेले असेल तर सोडा ते खाऊन टाकतो.

होज वरून धड दिसला तरी आतून तपासावा, कारण आतला रबराचा थर सुटून पडद्यासारखा लोंबतो आणि इतक्या कमी जोराच्या प्रवाहाला तेवढाही पडदा पुरतो. हेडची शंका असेल तर पंख्याचा पट्टा काढून, वरचा होज सोडून, हेडच्या तोंडाशी पाणी भरावे आणि थंड इंजिन मिनिटभराहून कमी वेळ चालवावे. पाण्यात बुडबुडे सातत्याने येत असतील तर हेड आणि ब्लॉक यांमधले गास्केट फुटले आहे. हेड उतरवायचेच असेल, आणि ते पंधरा बोल्टांवर बसलेले असल्यामुळे ते काम अवघड नाही, तर ब्लॉकच्या पाण्याच्या भोकांतून तार घालून मागच्या सिलिंडराभोवतीचा गाळ उकरून काढावा. नवे गास्केट ठेवताना त्याची भोके ब्लॉकच्या भोकांशी जुळतात का हे समोर धरून पाहावे. उलटे बसवलेले गास्केट पाण्याच्या वाटा स्वतःच बंद करते.

पंख्याचा पट्टा इतकाच ताणावा की हाताने पाते फिरवताना तो पुलीवर घसरणार नाही. त्याहून जास्त ताणल्यास पंख्याचे बुश लवकर जाते. पात्यांच्या रिव्हेटांभोवती भिंगाने तडे शोधावेत. सुटलेले पाते सरळ कोअरमध्ये घुसते.

पाण्याचा पंप बाहेरून बसवण्याची सोय पूर्वीपासून मिळते. मी तो सुचवत नाही. तो मूळ दोष झाकतो, आणि त्याचे पॅकिंग हे गळण्याचे आणखी एक ठिकाण होऊन बसते.

गळणाऱ्या सांध्याचा माग पाट्यापर्यंत

आता दुसरे दुखणे. मॉडेल टीच्या पुढे आणि मागे एकेक आडवा पाटा आहे, आणि पुढचा पाटा चौकटीच्या आडव्या तुळईला मध्यभागी यू-बोल्टांनी आवळलेला आहे. डावे चाक दगडावर चढले की पाट्याने ते वर जाऊ द्यावे, चौकटीने पिळू नये, अशी ही रचना आहे. पाट्याची पाने गंजून एकमेकांना चिकटली की पाटा हलत नाही, पीळ चौकटीत शिरतो, आणि चौकटीच्या दोन भुजांवर बसलेला रेडिएटर तो पीळ आपल्या सांध्यांवर घेतो. डाख ही मऊ वस्तू आहे. तिला पाण्याचे वजन पेलते, चौकटीचा पीळ पेलत नाही.

पाटा जाम आहे की नाही हे नुसते दाबून कळत नाही. गाडी सपाट जागी उभी करावी. पुढची तुळई दोघांनी खाली दाबून हळूच सोडावी आणि जमिनीपासून तुळईचे अंतर मोजावे. मग तीच तुळई वर उचलून हळूच सोडावी आणि पुन्हा मोजावे. दोन्ही मापांतला फरक म्हणजे पानांमधले घर्षण. थोडा फरक राहणारच आणि राहायलाही हवा, कारण या गाडीला कारखान्यातून कोणतेही शॉक अॅब्सॉर्बर आलेले नाहीत. पानांचे एकमेकांवर घासणे हाच तिचा शॉक अॅब्सॉर्बर आहे. पण दोन मापांत दोन बोटे अंतर पडत असेल, किंवा दाबून सोडल्यावर तुळई जेथल्या तेथेच राहत असेल, तर पाटा उतरवावा.

दुसरी तपासणी अधिक बोलकी आहे. एका पुढच्या चाकाखाली हातभर रुंद फळी किंवा दोन विटा सरकवून ते चाक वर चढवावे आणि बॉनेट व रेडिएटर यांमधली फट दोन्ही बाजूंना पाहावी. निरोगी गाडीत ती जवळजवळ तशीच राहते. जाम पाट्याच्या गाडीत एका बाजूची फट मिटते, दुसरी उघडते, आणि कान लावला तर टाकीजवळ बारीक करकर ऐकू येते. गळती नेमकी त्याच कोपऱ्यात असेल तर शोध संपला.

पाटा उतरवताना पाने एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टशेजारी आधी पकड किंवा सी-क्लॅम्प लावावा, मगच बोल्ट काढावा; ताणलेला पाटा एकदम उघडला तर बोटे जाऊ शकतात. प्रत्येक पान तारेच्या ब्रशने साफ करावे. पानाच्या टोकाने खालच्या, अधिक लांब पानात खोबण पाडलेली दिसेल. ती गुळगुळीत करावी आणि टोकाची धार गोलसर घासावी, नाहीतर नवे वंगणही तेथे अडेल. तडा गेलेले पान बदलावे, वेल्डिंग करू नये, कारण पोलादाला कणखरपणासाठी दिलेले पाणी त्या उष्णतेने उतरते. पानांवर ग्राफाइटचा पातळ थर द्यावा. भरपूर ग्रीस थापण्याचा मोह टाळावा, कारण मग घर्षण उरत नाही आणि गाडी प्रत्येक खड्ड्यानंतर होडीसारखी डुलत राहते. त्याच काळातल्या ज्या गाड्यांना हार्टफोर्ड पद्धतीचे घर्षण-शॉक अॅब्सॉर्बर आहेत, त्यांच्या पाट्यांना असे वंगण चालते, कारण तेथे आवर घालण्याचे काम चकत्या करतात. त्या चकत्यांचा आवळ हाताने अंदाजे ठरवू नये. शॉक अॅब्सॉर्बरचा दांडा सोडवून त्याच्या टोकाला ताणकाटा अडकवावा आणि डाव्या-उजव्या बाजूंना सारख्याच ओढीने तो हलू लागेल असा नट बसवावा.

पुन्हा जोडताना यू-बोल्ट कमालीचे महत्त्वाचे आहेत. ते ढिले राहिले की सर्व भार सेंटर बोल्टवर येतो, तो कातरतो आणि आख्खा आस एका बाजूला सरकतो. शॅकलचे, म्हणजे पाट्याचे टोक आसाला जोडणाऱ्या हलत्या कड्यांचे, नट याउलट गच्च आवळू नयेत. शॅकल हाताने फिरले पाहिजे, पण आडवे हलता कामा नये, आणि नट स्प्लिट पिनने अडवावा. शॅकलच्या तेलवाट्यांत तेल घालणे हा नित्यनेम ठेवावा.

पाटा बदलल्याने पुढच्या आसाचा कल बदलू शकतो, म्हणून तोही येथेच पाहावा. चाकाच्या किंगपिनचे (ज्या उभ्या खुंटीभोवती चाक वळते तिचे) वरचे टोक मागे सुमारे साडेपाच अंश झुकलेले असावे. ओळंबा आणि कोनमापक यांनी हे घरी मोजता येते. झुकाव कमी झाला की वेगात पुढची चाके थरथरू लागतात, आणि ते थरथरणेही रेडिएटरच्या सांध्यांपर्यंत पोहोचते. त्यानंतर आसाच्या उंचीवर चाकांच्या रिमांमधले अंतर पुढून आणि मागून मोजावे. पुढचे माप ५ ते ६ मिलिमीटरने कमी असले पाहिजे. इंजिनाखाली जेथे पुढच्या त्रिकोणी दांड्याचा गोळा बसतो, तेथली टोपी ढिली असेल तर ही सारी मापे गाडी हलताच बदलतात, म्हणून ती आधी आवळावी.

रेडिएटर पुन्हा बसवताना

रेडिएटर चौकटीवर तरंगता बसवायचा असतो. वर्षानुसार त्याच्या बुडाखाली चामड्याची गादी किंवा बोल्टावर छोटी स्प्रिंग असते. ती पूर्ण दाबली जाईल इतका नट आवळला की गादी असून नसल्यासारखी होते. स्प्रिंगमध्ये थोडा दम शिल्लक ठेवून नट थांबवावा आणि स्प्लिट पिन घालावी. गादी कडक झाली असेल तर चांभाराकडून जाड चामड्याचे नवे तुकडे कापून घ्यावेत; रबराच्या जाड चकत्या रेडिएटर उंच उचलतात आणि वरचा होज वाकडा बसतो. रेडिएटरच्या माथ्यापासून फायरवॉलपर्यंत जाणारी सळई रेडिएटर मागे खेचण्यासाठी नसून तो उभा धरण्यासाठी असते. होज आणि बैठक लावून झाल्यावर रेडिएटर ज्या जागी सहज उभा राहील तेथेच सळईचे नट हलके आवळावेत. वरच्या टाकीच्या मध्यभागी वारंवार फाटणारा पत्रा हा बहुतेक वेळा याच सळईच्या ओढीचा परिणाम असतो.

सारे जोडून झाल्यावर आधी तासभर सपाट रस्त्यावर, स्पार्क पुढे ठेवून, गाडी चालवावी. परत आल्यावर दोन्ही टाक्यांचे तापमान, पाण्याची पातळी आणि तुळईची दोन्ही मापे एकाच पानावर लिहून ठेवावीत. यू-बोल्ट थंड झाल्यावर पुन्हा आवळावेत, कारण नव्याने रचलेली पाने पहिल्या फेरीत बसतात आणि बोल्ट हमखास ढिले होतात. त्यानंतरच घाटाचा रस्ता धरावा, चढावर गाडी थांबवल्यास इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर मंद चालू द्यावे, आणि उकळती टाकी उघडून तिच्यात गार पाणी ओतू नये.